स्वच्छ हवेचे टेबल घेण्यापूर्वी

कोल्हापूर म्हटले की फौंड्री आणि साखर कारखाने आठवतात. जंतुविरहित हवेच्या यंत्राचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध उसाचाच आहे. ऊस कांड्यांपासून लावतात, त्यामुळे गवताळ वाढीसारखे रोग बेण्यातूनच पुढच्या पिकात उतरतात. म्हणून शेंड्यातील बारीक वाढबिंदू काढून बाटलीत वाढवितात व निरोगी बेणे तयार करतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये हे काम होते. पण बाटलीतील साखर बुरशीलाही आवडते. तिचा एक बीजाणू आत पडला की बाटली गेली.

त्यासाठी लॅमिनार फ्लोचे टेबल लागते. पंखा खोलीतील हवा आधी साध्या गाळणीतून ओढतो व मग हेपा गाळणीतून पुढे ढकलतो. ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कण, ही गाळणी ९९.९७ टक्के अडविते. तरी गाळणे हे अर्धेच काम. गाळलेली हवा सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर वेगाने, भोवरे न होता, एका दिशेने वाहिली पाहिजे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या सुमारास ही युक्ती काढली. माणसाच्या अंगावरून धूळ पडायचीच. ती पुसत बसण्यापेक्षा वाहत्या हवेनेच बाहेर काढावी, इतका साधा विचार!

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने कर्ज काढून असे टेबल घेतले. पत्रा चकचकीत, दिवे झकास. पण दर तिसऱ्या बाटलीत पांढरी बुरशी. दोन महिने तो माध्यमाला आणि मजुरांना दोष देत राहिला. शेवटी तपासणीत निघाले काय, तर गाळणी उत्तम होती, पण तिच्या चौकटीचा रबर एका कोपऱ्यात नीट बसलेला नव्हता. तेथून न गाळलेली हवा येत होती.

पत्र्याचे काम उद्यमनगरातील कोणीही कुशल कारागीर करील. पैसे द्यायचे ते गाळणीचे आणि ती बसविण्याच्या कामाचे. म्हणून टेबल जागेवर बसविल्यानंतर गळतीची चाचणी व हवेचा वेग मोजून लेखी दाखला घ्यावा, आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा. दाबमापक नसलेले टेबल घेऊ नये. गाळणी तुंबत चालली की दाब चढतो, हे त्यावरूनच कळते. शिरोलीसारख्या फौंड्रीच्या परिसरात बाहेरची साधी गाळणी वरचेवर धुवावी लागेल. हेपा मात्र धुवायची नसते, तिला बोटही लावू नये. अतिनील दिवा लावला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. त्याचा प्रकाश जेथे पोहोचत नाही तेथे त्याचा उपयोग नाही. कामापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पंखा चालू ठेवावा, आणि वीज गेली की बाटल्यांची तोंडे लगेच बंद करावीत.

पॅथॉलॉजी लॅब काढणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे: आडव्या प्रवाहाच्या टेबलाची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ते बाटलीतील रोप सांभाळते, माणसाला नाही. क्षयरोग्याची थुंकी त्यावर कधीही उघडू नये. त्यासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट ही वेगळी वस्तू मिळते, आणि तिची किंमतही वेगळी असते.