चव्वेचाळीस लावू की सत्तेचाळीस?

पिनबॉल दुरुस्तीच्या कामात नवा माणूस आला की त्याला रिले, सोलेनॉइड, सर्किट बोर्ड असलं भारी काम शिकायची घाई असते. जुनी मंडळी मात्र त्याला आधी बल्बांच्या कपाटापाशी उभं करतात. शिकागोच्या उपनगरातल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सुट्टीच्या दिवशी काम करतो, तिथल्या कपाटात लहान लहान खोकी रचलेली आहेत आणि त्यांच्यावर नुसते आकडे आहेत : ४४, ४७, ४५५, ५५५, ८९, ९०६. आमचे उस्ताद साठी ओलांडलेले आहेत. बारमध्ये आणि बोलिंगच्या ठिकाणी ठेवलेली मशीनं सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते नव्या पोराला एकच प्रश्न विचारतात, "यातला कोणता कुठे लावशील आणि का?" उत्तर येईपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात मिळत नाही.

ज्यांनी लहानपणी लाकडी बगाटेल खेळलंय, खिळ्यांच्या जंगलातून घरंगळणाऱ्या गोळ्या पाहिल्यात, त्यांना पिनबॉलची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्याच घराण्यातला हा खेळ, आणि त्याची राजधानी शिकागो. गॉटलिब कंपनीचं 'बॅफल बॉल' १९३१ साली निघालं तेव्हा त्यात वीज नव्हतीच. दिवे त्या दशकात पुढे आले. चेंडू परतवणारे फ्लिपर तर १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'पासून आले. पण एकदा दिवे आले ते खेळाचे नियम सांगण्याचंच काम करू लागले. कोणता बाण पेटलाय, कुठे मारलं तर जास्त गुण, पुढचा चेंडू मिळणार की नाही, हे सगळं खेळाडूला दिवा सांगतो. बाणाखालचा बल्ब गेला तर खेळणाऱ्याला तो नियम कळतच नाही. मग बार चालवणाऱ्या माणसाला गल्ला कमी का झाला हे कळत नाही.

आता चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस. दोन्ही दिसायला अगदी सारखे : करंगळीच्या पेराएवढी काच, खाली पितळी बूड, बाजूला दोन पिना, दाबून फिरवायचं. दोन्ही ६.३ व्होल्टचे. हा ६.३ आकडा व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या जमान्यातला. गाडीच्या बॅटरीतले तीन सेल मिळून तेवढं व्होल्टेज देत, त्यावर रेडिओचे व्हॉल्व्ह तापवले जात आणि डायलमागचा बल्बही तेवढ्यावरच पेटे. पिनबॉलवाल्यांनी बाजारात आयता मिळणारा तोच डायलचा बल्ब उचलला. फरक आहे तो करंटचा. ४४ नंबरचा बल्ब ०.२५ अॅम्पिअर ओढतो, ४७ नंबरचा ०.१५. उजेड ४७ चा बराच कमी. दुकानात दोन्ही शेजारी पेटवून दाखवले तर दहातले नऊ जण ४४ उचलतील.

उस्ताद का उचलत नाहीत, ते मला सत्तरच्या दशकातल्या एका मशीनने शिकवलं. मागच्या उभ्या पेटीत जी चित्राची काच असते, तिच्यावर रंग आतल्या बाजूने छापलेला असतो आणि त्याच्यामागे बल्बांची फळी. त्या मशीनची पेटी उघडली तर खालच्या पट्टीवर रंगाचे टवके पडलेले. काच बाहेर काढून उजेडासमोर धरली. बाईच्या झग्यावर, आकाशावर, आकड्यांच्या कडेला गोल गोल भोकं पडली होती, आणि प्रत्येक भोक बरोबर एकेका बल्बासमोर. उस्तादांनी एक बल्ब काढून माझ्या तळहातावर ठेवला. काचेवर काजळी धरलेली, बुडावर आकडा ४४. "कोणी तरी जास्त उजेडासाठी लावले," एवढंच ते म्हणाले.

हिशेब सोपा आहे. ४४ म्हणजे साधारण दीड वॉट, ४७ म्हणजे एक वॉटहून किंचित कमी. एका बल्बाचं काही वाटत नाही. पण बंद लाकडी पेटीत असे डझनावारी बल्ब तासन् तास जळतात, आणि उष्णतेला बाहेर पडायला मागच्या दारातल्या चार फटी. रंग वाळतो, आक्रसतो, काच सोडतो. पुन्हा छापलेली काच काही लोकप्रिय मशीनांचीच मिळते, बाकीच्यांची गेली ती गेली. त्यात आणखी एक भर : ११५ व्होल्ट धरून बनवलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरला आज भिंतीतून १२० मिळतात, म्हणजे बल्बालाही चार टक्के जास्त. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तारेच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेजला फार हळवं असतं. तेवढ्याने ते एक तृतीयांशाहून जास्त घटतं.

चित्राच्या पेटीत आणखी एक गंमत असते, ती बहुतेक मालकांना ठाऊक नसते. एकदा एक गृहस्थ आले. म्हणाले, सगळे दिवे पेटतात, एकही गेलेला नाही, तरी चित्र मेल्यासारखं वाटतं, लहानपणी असं नव्हतं. उस्तादांनी मशीन न बघताच ४५५ चं खोकं काढलं. ४५५ च्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. पेटला की पट्टी तापून वाकते, बल्ब विझतो. थंड झाली की पुन्हा पेटतो. प्रत्येकाची गती वेगळी, कोणाचंच कोणाशी जुळत नाही, आणि म्हणून चित्रातली रोषणाई जिवंत वाटते. मधल्या काळात कुणीतरी एकेक ४५५ काढून तिथे साधे बल्ब बसवले होते. कुठे कुठे लुकलुकणारे हवेत याची निर्मात्याने पेटीतल्या फळीवर खूण केलेली होती, धुळीखाली. आम्ही ती पुसून घेतली आणि त्याप्रमाणे लावले. ते गृहस्थ त्या दिवशी खेळले नाहीत, नुसते समोर उभे राहिले.

नव्वदच्या दशकातल्या मशीनांची तऱ्हा वेगळी. विल्यम्स आणि बॅलीची त्या काळातली मशीनं अजून सर्वांत जास्त मागणीची. 'द अॅडम्स फॅमिली' १९९२ साली आलं आणि २०,२७० नग खपले, फ्लिपरवाल्या मशीनांत एवढं दुसरं कुठलंच खपलं नाही. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉलचा धंदाच बंद केला, त्यामुळे ही मशीनं जगवायची तर ती आमच्यासारख्यांनीच. यांतले नुसत्या उजेडाचे दिवे पाच ओळींत वाटलेले असतात. एका ओळीत १८ बल्ब धरा. सगळे ४४ चे असतील तर साडेचार अॅम्पिअर, ४७ चे असतील तर २.७. आणि त्या ओळीचा फ्यूज पाच अॅम्पिअरचा. म्हणजे फ्यूज उडत नाही, आणि हेच वाईट. बोर्डावर जिथे वायरी येऊन जुळतात त्या कनेक्टरच्या बारीक पिना वर्षानुवर्षं तापत राहतात. मागचं दार उघडलं की आधी वास येतो, मग दिसतो तो पांढऱ्याचा तपकिरी, मग काळा झालेला कनेक्टर. हाताने ओढला तर तुकडा हातात येतो. मालक म्हणतो, "अर्धे दिवे गेलेत, बल्ब बदलून द्या." बल्ब ठणठणीत असतात. आधी पिना आणि कनेक्टर दोन्ही बदलायचे, मगच बल्बाचा विचार. नुसता कनेक्टर बदलून जुन्याच पिनांवर बसवणारे मेकॅनिक आहेत, त्यांचं काम सहा महिन्यांत परत येतं.

एलईडीने ही उष्णता आणि करंट दोन्ही जवळजवळ संपवले. मी एलईडीच्या विरोधात नाही, नव्वदच्या मशीनांत मी स्वतःच लावायला सांगतो. पण एलईडी म्हणजे फक्त कमी वीज खाणारा बल्ब, असं समजून जो खोकं मागवतो तो फसतो. तारेचा बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, आणि या मशीनांची सगळी रचना त्या वेळावर उभी आहे. खेळाचे दिवे आठ ओळी आणि आठ रांगांच्या जाळ्यात असतात. चौसष्ट दिवे, पण एका क्षणी एकाच रांगेला वीज. रांगा इतक्या भराभर बदलतात की तारेला विझायला सवड नसते. एलईडीला मात्र ती सवड पुरते. म्हणून तो थरथरतो, आणि न पेटवलेल्या दिव्यात शेजारच्या रांगेतून झिरपलेल्या करंटवर मंद उजळतो. कारागिरांच्या भाषेत याला 'घोस्टिंग' म्हणतात. यासाठी आत रेझिस्टर असलेले वेगळे एलईडी मिळतात. थोडे महाग आहेत. तिथे पैसे वाचवू नयेत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बॅलीच्या मशीनांत प्रश्न उलटा. एका गृहस्थांनी सगळ्या बाणांखाली एलईडी लावले, ते लुकलुकू लागले, म्हणून दिव्यांचा बोर्ड बदलला, तरी तेच. दुसरा बोर्ड आणला, तरी तेच. तिथे दिवा पेटवायला एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, आणि तो चालू राहायला त्यातून काही किमान करंट वाहावा लागतो. एलईडी इतका कमी ओढतो की एससीआर मध्येच सुटतो. बोर्ड दोन्ही चांगले होते. प्रत्येक एलईडीला समांतर एक छोटा रेझिस्टर जोडला, काम झालं. १९८६ नंतरच्या विल्यम्सच्या काही मशीनांत तर फ्लॅशचे मोठे बल्ब कायम कोमट ठेवायला रेझिस्टर आधीच बसवलेले आहेत, कारण थंड तार एकदम खूप करंट खाते. तिथे एलईडी लावलात तर तो कधी विझतच नाही. तो रेझिस्टर कापावा लागतो.

एलईडीच्या रंगाची गोष्ट मात्र शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका मराठी घरातली. तळघरात मशीन, मुलाने हौसेने सगळीकडे पांढरेशुभ्र एलईडी भरलेले. काका मला म्हणाले, "अहो, बघा तरी, किती लख्ख झालंय." काकू जिन्यावरूनच म्हणाल्या, "लख्ख कसलं, ऑपरेशन थिएटर झालंय. आणि ह्यांना चेंडू दिसत नाही ते वेगळंच." दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. चित्रकाराने ते रंग तारेच्या पिवळसर उजेडासाठी निवडलेले असतात. निळसर पांढऱ्यात लाल मळतो, पिवळा फिका पडतो, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. आणि चेंडू आरशासारखा गुळगुळीत. प्रत्येक उघडा एलईडी त्यात टोकदार ठिपका होऊन चमकतो, वरच्या काचेतही त्याचं प्रतिबिंब पडतं, त्या गर्दीत चेंडूच हरवतो. आम्ही चेंडू फिरतो त्या मैदानावर पिवळसर, दुधी काचेचे लावले, लाल बाणांखाली लाल ठेवले, आणि फ्लिपरजवळचे जे थेट डोळ्यांत मारत होते ते बदलून मंद घेतले. निळ्या रंगाच्या भागाखाली मात्र पांढरेशुभ्र तसेच राहू दिले, तिथे ते तारेच्या बल्बाहून सरस दिसतात. काका लगेच खेळायला लागले.

जाता जाता होल्डरबद्दल, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. बल्ब पेटत नसेल तर काढायच्या आधी हळूच डावी-उजवीकडे हलवा. मध्येच पेटला तर बल्ब चांगला आहे. होल्डरच्या पत्र्याचे दोन भाग फक्त दाबून जोडलेले असतात, चाळीस-पन्नास वर्षांत त्या जोडावर गंज बसतो. दोन भागांवर डाग देऊन टाकला की पुढची अनेक वर्षं बघायला नको. पण झाळकाम करताना मशीन बंद हवं, आणि खाली चिंधी पसरा. शिशाचा थेंब मैदानाच्या लाकडावर पडला तर डाग जात नाही.

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतलं कुणी जुनं पिनबॉल घेणार असेल, तर विक्रेत्याकडे सरसकट शंभर बल्ब मागू नका. मशीनचं नाव आणि साल सांगा. चित्राची काच मूळची असेल तर तिच्यामागे सत्तेचाळीस किंवा पिवळसर एलईडी, दुसरं काही नको. जिथे ४५५ ची खूण आहे तिथे ४५५ च. आणि पहिला बल्ब बदलायच्या आधी मागचं दार उघडून कनेक्टर बघा.