चिपच्या पोटात काय चाललंय?

मुळशी म्हटलं की टाटांचं धरण, पावसाळी घाट आणि आंबेमोहोर तांदूळ आठवतो. पण वाहनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटी टेक्नॉलॉजीजच्या नोंदणीकृत पत्त्यातही ‘माण, तालुका मुळशी’ असे शब्द आहेत. रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी १९९० साली पुण्यात ही कंपनी सुरू केली. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात येतं. आयटी पार्क म्हणजे नुसते संगणकाचे पडदे, असा बाहेरच्यांचा समज असतो. गाडीच्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर मात्र उघडे सर्किट बोर्ड, वायरी, मल्टिमीटर आणि काडेपेटीएवढी एखादी डबीही असते. त्या डबीला डीबग प्रोब म्हणतात.

चिपमध्ये कायमचा भरलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. वॉशिंग मशीन, वीजमीटर, इन्सुलिन पंप, गाडीचं एबीएस ही सगळी त्याच्याच हुकमतीत चालतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती आणि कधी फवारायचं, हे आता चिप ठरवते. ती चुकली तर पडद्यावर सूचना येत नाही, कारण बहुतेकदा तिला पडदाच नसतो. बोर्ड हँग होतो किंवा आपोआप रीसेट होतो. त्याहून वाईट म्हणजे दिवसभर नीट चालतो आणि एकदाच चुकतो.

नवशिक्याचा पहिला उपाय ठरलेला: प्रोग्राममध्ये जागोजागी ‘इथपर्यंत आलो’ अशा ओळी छापायला सांगायच्या आणि सीरियल पोर्टवर त्या वाचायच्या. साध्या दोषाला हे पुरतं. पण नेहमीच्या १,१५,२०० बॉड वेगाने एक अक्षर बाहेर पडायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. चाळीस अक्षरांच्या ओळीला साडेतीन मिलिसेकंद. जे काम दर मिलिसेकंदाला व्हायला हवं, त्याच्या तीन पाळ्या तेवढ्यात येऊन जातात. छपाईच्या ओळी घातल्या की दोष दिसेनासा होतो आणि काढल्या की परत येतो, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे.

म्हणून चिपला बाहेरून विचारण्याची सोय तिच्या आतच लागते. या सोयीचं मूळ वेगळ्याच अडचणीत होतं. १९८०च्या दशकात बोर्ड अनेक थरांचे आणि दाटीवाटीचे झाले, चिपचे पाय इतके जवळ आले की प्रत्येक सांध्यावर सुई टेकवून तपासणी करणं कठीण होऊ लागलं. १९८५ साली कंपन्यांचा एक गट त्यावर विचार करायला जमला. जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप हे त्याचं नाव, लघुरूप जेटॅग. त्यांनी सुचवलेली युक्ती १९९० मध्ये ‘आयईईई ११४९.१’ या मानकात आली. चिपच्या कडेने एकेका बिटाचे कप्पे बसवायचे आणि विहिरीवरून घागरी हातोहात पुढे द्याव्यात तसे बिट एका टोकाने आत ढकलून दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचे. चार तारांत सगळ्या पायांची अवस्था कळू लागली. याच वाटेने पुढे प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत जाता आलं: त्याला थांबवायचं, त्याची रजिस्टरं वाचायची, एकेक सूचना चालवून बघायची. आर्म कंपनीच्या ‘सीरियल वायर डीबग’ पद्धतीत तर ग्राउंड सोडलं तर दोनच तारा पुरतात.

या सोयींत ब्रेकपॉइंट सर्वांना ठाऊक असतो. प्रोग्राम अमुक ओळीवर आला की थांब, एवढंच तो सांगतो. खरी किमया वॉचपॉइंटची. समजा, स्कूटरच्या डॅशबोर्डवर वेग मधूनच शून्य दिसतो. वेग मोजणारा भाग दहादा वाचला, त्यात चूक नाही. अशा वेळी वेग साठवलेल्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा: इथे कुणीही काही लिहिलं की थांब. चिप थांबते आणि चोर भलताच निघतो. ब्लूटूथवरून आलेलं नाव साठवणारा कोड आपल्या जागेबाहेर एक अक्षर जास्त लिहितो, आणि शेजारी वेगाचा आकडा असतो. कोड वाचून हे सापडायला आठवडा गेला असता. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ जातीच्या चिपमध्ये असे वॉचपॉइंट जास्तीत जास्त चार असतात, त्यामुळे ते कुठे लावायचे याचा विचार आधी करावा लागतो. साधन कितीही चांगलं असलं तरी संशय कुणावर घ्यायचा, हे माणसानेच ठरवायचं असतं.

याच चिप कोसळतानाही पुरावा मागे ठेवतात. ‘हार्डफॉल्ट’ झाला की प्रोसेसर आठ रजिस्टरं आपोआप स्टॅकवर ठेवतो. कोसळण्याच्या क्षणी तो कोणत्या सूचनेवर होता, तो पत्ताही त्यात असतो. अनेक नवखे इंजिनिअर तो न वाचताच रीसेटचं बटण दाबतात आणि हातातला पुरावा घालवतात.

थांबवण्यात धोकाही आहे. मोटर फिरत असताना प्रोसेसर थांबवला तर मोटरला वीज देणारे स्विच असतील त्या स्थितीत अडकू शकतात आणि काहीतरी जळतं. म्हणून अशा कामात ‘ट्रेस’ वापरतात. त्यात चिप न थांबता आपला प्रवास बाहेर सांगत राहते.

शिवाय दोष प्रत्येक वेळी प्रोग्राममध्ये असतो असंही नाही. गाडीतले वेगवेगळे कंट्रोलर एकमेकांशी ज्या ‘कॅन’ वाहिनीवरून बोलतात, ती बॉश कंपनीने १९८६ साली मांडली. हायस्पीड कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लागतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साठच्या आसपास ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक रोध गायब आहे, आणि त्यासाठी कोड चाळत बसण्यात अर्थ नाही. लॉजिक ॲनालायझर शून्य आणि एक यांची क्रमवार नोंद देतो, पण सिग्नलचा आकार त्याला दिसत नाही. तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो, ज्याला आपल्याकडे कॉलेजात अजूनही सीआरओ म्हणतात.

हत्यारांची खरी कसोटी बोर्ड हाताबाहेर गेल्यावर लागते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’चा संगणक काही दिवसांत वारंवार रीसेट होऊ लागला. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीत ट्रेस चालू ठेवून तोच बिघाड पुन्हा घडवला. कमी प्राधान्याच्या हवामानविषयक कामाने अडवून ठेवलेल्या कुलपापाशी जास्त प्राधान्याचं काम ताटकळत होतं. कारण कळल्यावर दुरुस्ती रेडिओवरून पाठवली गेली. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा एक किलोहून कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून अवकाशात गेला. प्रक्षेपणानंतर अशा उपग्रहाला कुणी प्रोब जोडू शकत नाही. जे शोधायचं ते जमिनीवर असतानाच शोधावं लागतं.

ही साधनं एकेकाळी मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडत. आज पुण्यात तापकीर गल्लीत चक्कर मारली किंवा ऑनलाइन मागवलं तर आठ चॅनेलचा साधा लॉजिक ॲनालायझर काही शे रुपयांत मिळतो. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड दुसऱ्या पिकोचा डीबग प्रोब म्हणून वापरता येतो. ओपनओसीडी हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर तर २००५ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका प्रबंधातून जन्मलं.

पैशाची अडचण आता उरलेली नाही. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक प्रोब द्यावा. प्रात्यक्षिक परीक्षेत दिवा लुकलुकवून दाखवण्याऐवजी मुद्दाम एक दोष पेरलेला बोर्ड समोर ठेवावा आणि तो कसा शोधला, याला गुण द्यावेत.