तुमचं मांजर कोरडवाहू की बागायती? समजून घ्या ड्राय फूडमागचं 'विज्ञान'

वडूज : मांजर घन असतं की द्रव? चेष्टा नाही. याच प्रश्नावरच्या अभ्यासासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ मार्क-आंत्वान फार्दाँ यांना २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. बादलीत ठेवलं की मांजर बादलीचा आकार घेतं, म्हणजे द्रवच की!

मग आमचा पुढचा प्रश्न. या द्रवाला रोज कोरडे दाणे घातले तर ते घट्ट होईल का? लक्षणं तशीच दिसतात. वाटी संपवून मांजर कॉटवर पडलं की चार तास ढिम्म हलत नाही. पण स्वयंपाकघरात पाकीट नुसतं खुळखुळलं, की तेच मांजर माळ्यावरून ओघळत खाली येतं. सिद्धांत तिथंच कोसळला.

आता खरा हिशेब. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. ६० ग्रॅम दाण्यांत ते जेमतेम सहा मिलिलिटर. याउलट उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं, आणि पाउचमधल्या ओल्या खाद्यात त्याहून थोडं जास्तच. म्हणजे उंदीर खाणारं मांजर बागायती आणि दाण्यांवरचं कोरडवाहू. खटाव तालुक्यात हे वेगळं समजवायला नको.

अडचण अशी, की मांजराचे पूर्वज वाळवंटातले. शिकारीतूनच पाणी मिळायचं, त्यामुळं त्याला तहानच कमी लागते. दाणे खाणारं मांजर पाणी जास्त पितं खरं, पण बऱ्याचदा तूट पूर्ण भरत नाही. दाणे म्हणजे विष नव्हे. मात्र पाणी कमी पडलं की लघवी दाट होते.

बोक्याच्या बाबतीत इथं हसणं थांबवा. त्याची मूत्रनलिका अरुंद असते. वजन आणि ताण याही कारणांनी ती तुंबू शकते. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. तडक जनावरांच्या डॉक्टरकडं न्या.

एरवी दाण्यांवर थोडं कोमट पाणी घाला. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब ठेवा. पाण्याऐवजी दूध मात्र नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि मग मांजराऐवजी तुमची गादी बागायती होते.