एकट्याचे जेवण आणि उतारवयातील स्वावलंबन

साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये आलेली अनेक मराठी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. मुले दुसऱ्या शहरी, जोडीदार निवर्तलेला. अशा घरांत अन्नाची टंचाई नसते, स्वयंपाकाचा उत्साह मात्र ओसरलेला असतो. एकट्यासाठी कुकर कशाला लावायचा, या विचाराने रात्रीचे जेवण हळूहळू चहा-टोस्टवर येते. पोट भरते, पोषण होत नाही.

वयानुसार भूक मंदावली, तरी प्रथिनांची गरज घटत नाही. ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे पोषणतज्ज्ञ सुचवतात. ६० किलो वजनासाठी ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात. उणीव राहिल्यास स्नायू झिजतात, खुर्चीतून उठणे जड जाते आणि पडण्याचा धोका वाढतो. एकटे राहण्याचे स्वातंत्र्य अनेकदा अशा एका पडण्यानेच संपते.

दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारात त्याचे स्रोत मोजकेच. त्यात वयोमानाने जठरातील आम्ल घटते व मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळेही त्याचे शोषण कमी होऊ शकते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा ही लक्षणे म्हातारपणाची समजून सोडून दिली जातात. साध्या रक्ततपासणीतून त्याचा अंदाज येतो. ड जीवनसत्त्वासाठी येथील आरोग्यसेवा हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. सावळ्या त्वचेच्या व्यक्तींनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा, असाही सल्ला आहे.

यासाठी परके अन्न स्वीकारण्याचे कारण नाही. खिचडीत तांदळाइतकीच मूगडाळ, सोबत वाटीभर दही. पिठले, उसळ, पनीर, चालत असल्यास अंडी वा मासे, आणि प्रत्येक जेवणात यांपैकी काहीतरी. एकदाच अधिक शिजवून एकेका जेवणाचे डबे फ्रीझरमध्ये ठेवावेत. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा. त्याने अन्नातील लोहाचे शोषण घटते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अंगठी, कपडे वा कवळी सैल होणे, प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन घटणे, या धोक्याच्या खुणा होत. दूरच्या मुलांनी फोनवर 'जेवलीस का, आई?' एवढेच विचारले, तर उत्तर बहुधा 'हो' असेच येते. 'काय जेवलीस?' असे विचारल्यास खरी स्थिती कळते.