औंढ्याची भिंत काय सांगते?

आता आपल्याला वाचता येते. एस.टी.वरची पाटी वाचता येते, सातबारा वाचता येतो. आज आपण एक निराळी वस्तू वाचू या. ती म्हणजे देवळाची भिंत!

औंढा नागनाथ कोणाला ठाऊक नाही? बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, अशी आपली श्रद्धा. महाशिवरात्रीला तिथे माणसांचा पूर लोटतो. अरुंद पायऱ्या उतरून लोक तळघरातल्या पिंडीचे दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि गाडी गाठायला पळतात. भिंतीकडे बघायला सवड कोणाला?

पण जरा थांबा. खालून वर बघा.

खाली दगड, वर चुना

देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आहे. थरावर थर रचले आहेत. त्यांत हत्ती आहेत, देवदेवता आहेत, वेलबुट्टी आहे. हे काम देवगिरीच्या यादव राजांच्या काळातले. म्हणजे सुमारे सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा प्रधान होता. त्याच्या नावावरून हे नाव पडले. या बांधणीत चुना वापरत नसत. दगडाला खाच पाडायची आणि एकात दुसरा बसवायचा. वजनावर वजन. इतकी वर्षे पाऊस झाला, ऊन झाले, पण दगड हलला नाही.

आता वरचे शिखर बघा. ते निराळे आहे. तिथे चुन्याचा गिलावा आहे. असे का? मूळचा वरचा भाग पडला, म्हणून. औरंगजेबाच्या काळात तो पाडला, असे सांगतात. पुढे लोकांनी ते पुन्हा उभे केले. या कामी अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतात.

म्हणजे एकाच भिंतीत दोन काळ दिसतात. एक बांधणाऱ्यांचा आणि एक पुन्हा बांधणाऱ्यांचा. राजांची नावे आपल्याला सांगता येतात. पण ज्या पाथरवटाने हत्तीची सोंड कोरली, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याचे काम मात्र उरले.

नर्सीचा शिंपी

त्याच यादव काळात संत नामदेव झाले. इ.स. 1270 ते 1350 हा त्यांचा काळ. आपल्या हिंगोलीजवळचे नर्सी हे त्यांचे गाव मानतात. घर शिंप्याचे.

औंढ्याची गोष्ट आपल्या आजीने सांगितली असेल. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते. पुजारी म्हणाले, "इथे नको, मागे जा." नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले! मागच्या अंगाचा नंदी दाखवून लोक आजही ही गोष्ट सांगतात.

दगडाचे देऊळ फिरले का, यावर आम्ही वाद घालणार नाही. पण लोकांनी ही गोष्ट शेकडो वर्षे का जपली? ज्याला मागे बसवले, त्याच्याकडे देवानेच तोंड केले, हे त्यांना सांगायचे होते.

दुसरी गोष्ट विसोबा खेचरांची. ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, "बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव." तशी जागा नामदेवांना सापडेना. त्यांनी विसोबांना गुरू केले.

पुढे नामदेव पंजाबात गेले. तिथल्या घुमान गावी ते राहिले. तिथल्या लोकांना समजेल अशा बोलीत त्यांनी रचना केल्या. 1604 साली शिखांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याला आज गुरू ग्रंथसाहिब म्हणतात. त्यात नामदेवांची 61 पदे आहेत. म्हणून नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे कितीतरी शीख भाविक नर्सीलाही येतात. कुठे पंजाब आणि कुठे नर्सी!

नामदेवांच्या घरी जनाबाई राबत असे. ती गंगाखेडची. दळता-कांडता तिने अभंग रचले. ते आजही आपल्या ओठांवर आहेत.

तेरा महिन्यांची वाट

आता अलीकडच्या काळात येऊ. 1724 पासून इथे निजामाची सत्ता आली. ती दोनशे वर्षांहून अधिक टिकली. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. निजामाला वेगळे राज्य हवे होते. रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत बसवली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मागे लोक उभे राहिले. तुरुंग भरले. भारताची फौज आली आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. देशाच्या मागून तेरा महिन्यांनी आपल्याला स्वातंत्र्य मिळाले. त्या धामधुमीत अनेक निरपराध मुसलमान बांधवांनाही फार सोसावे लागले. तेही विसरू नये.

निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. उर्दू गोड भाषा आहे. पण मराठी शेतकऱ्याला हुकूम वाचता येत नसे. दुसरा सांगेल ते खरे मानायचे आणि अंगठा उठवायचा. त्या अंगठ्यापायी कितीकांची जमीन गेली असेल!

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आता सातबारा मराठीत आहे.

तर मंडळी, इतिहास म्हणजे फक्त दिल्लीच्या गादीची गोष्ट नव्हे. पाथरवट, शिंपी, दळणारी बाई, तुरुंगात गेलेला शेतकरी, यांनीही तो घडवला आहे. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांची नावे गेली.

आपल्याला आता लिहिता येते. गावात नव्वदीला टेकलेले कोणी आजोबा-आजी असतील, तर त्यांच्याजवळ बसा. 1948 साली गावात काय झाले, ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. आणि औंढ्याला जाल तेव्हा नारळ फोडून झाल्यावर घटकाभर भिंतीपाशी थांबा.