हजेरीपटावरचं नाव

उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा हा अगदी विरळ वस्तीचा तालुका. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी वर भरली. बाकी सगळं जंगल, काळी नदी आणि तिच्या उपनद्या. जुने लोक अजूनही या तालुक्याला सुपा म्हणतात. ते सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. इथे एचआर मॅनेजरच्या नावाची पाटी शोधून सापडायची नाही. पण आपल्या देशात माणसांना कामावर ठेवण्याचे जेवढे प्रकार आहेत, ते जवळपास सगळे या एका तालुक्यात आणि त्याच्या शेजारी पाहायला मिळतात. कॅसलरॉकला एकोणिसाव्या शतकापासून रेल्वे आहे. गणेशगुडीला कर्नाटक वीज महामंडळाचं 101 मीटर उंचीचं सुपा धरण आहे. वनखातं तर सर्वत्र आहे. लागूनच दांडेलीची कागद गिरणी, नदीच्या उतारावर कैगा अणुवीज केंद्र आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उगवलेले रिसॉर्ट आणि होमस्टे. कामगाराशी नीतीने वागणं म्हणजे काय, हे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं, कारण इथे प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न येऊन अडतो: हा माणूस कोणाचा?

रोज सकाळी हजर होणारा, काम नेमकं जाणणारा, अपघात झाला तर पहिला सापडणारा माणूस. पण हजेरीपटावर नाव ठेकेदाराचं. या जागी उत्तर चुकलं, की पुढची प्रशिक्षणं, पुरस्कार आणि वार्षिक स्नेहसंमेलनं कितीही चांगली झाली तरी पाया कच्चाच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात रेल्वेपासून करू, कारण चांगली बाजूही तिथे दिसते. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रगांझा घाट सुमारे 26 किलोमीटरचा, चढ 37 ला 1. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. या घाटात कीमन रोज आपला ठरलेला टप्पा चालतो. हातात हातोडा आणि पाना, खांद्यावर लाल-हिरवी निशाणं. प्रत्येक क्लिप बघायची, ढिली असेल तर ठोकायची, रुळाचा आवाज ऐकायचा. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी. दरड कुठे सुटेल, कुठल्या नाल्याला पाणी आलं म्हणजे भराव धोक्यात, हे त्याला नकाशावरून कळत नाही, पायांना कळतं. या माणसाला रेल्वेने एक गोष्ट दिली, ती म्हणजे पुढची पायरी. ट्रॅकमनचा कीमन होतो, कीमनचा मेट होतो, परीक्षा देऊन त्याहून वरही जाता येतं. पगार, पास, दवाखाना, निवृत्तीवेतन, सगळं कागदावर. नोकरीत माणसाचा विकास म्हणतात तो हाच. मात्र त्याच मार्गावर खडी टाकायला ठेक्यावर आलेल्या माणसाला या शिडीची पहिली पायरीसुद्धा दिसत नाही. ऊन, पाऊस आणि धोका दोघांना सारखाच.

आता वनखात्याकडे येऊ. दांडेली अभयारण्य 1956 चं, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 चं. 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालं. वाघ मोजले जातात, त्यांची छायाचित्रं येतात, परिषदा होतात. या साऱ्याच्या मुळाशी जंगलातल्या चौकीवर राहणारा वॉचर असतो. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांत ही कामं मोठ्या प्रमाणावर रोजंदारीवर किंवा बाह्य संस्थांमार्फत नेमलेली माणसं करतात. तो बहुधा आसपासच्या पाड्यावरचाच असतो, कुणबी, गवळी, सिद्दी किंवा मराठा. सकाळी फोनवरचं गस्तीचं ॲप सुरू करायचं, पायवाट धरायची, ठसा दिसला की नोंद करायची, फास सापडला की काढायचा. ॲप त्याचं प्रत्येक पाऊल टिपतं. इथे मला एक नैतिक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. हीच नोंद दोन तऱ्हांनी वापरता येते. रात्री तो परतला नाही तर शोधायला कुठे जायचं हे तिच्यावरून कळतं. आणि तो वाटेत तासभर बसला म्हणून रोज कापायलाही तीच पुरते. घाटातल्या ट्रॅकमनला दिलेल्या जीपीएस यंत्राच्या नोंदीचंही तसंच. यंत्र कोणतं घेतलं यापेक्षा त्यातली माहिती कोण बघणार आणि कशासाठी बघणार, हे कामगाराला आधी सांगितलं का, यावर नियत ठरते.

या रोजंदारीचा न्यायालयीन इतिहास जोयड्याच्या फार लांबचा नाही. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 1990 मध्ये न्यायालयाने कर्नाटक सरकारला वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या माणसांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याची योजना लागू करायला लावली. पुढे 2006 मध्ये उमादेवी खटल्याचा निकाल आला. तोही कर्नाटकातलाच, वाणिज्य कर खात्यातल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचा. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, की मागच्या दाराने आलेल्याला केवळ वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही. ज्याने अर्ज करून रांगेत उभं राहायचं ठरवलं त्याच्यावर तो अन्याय होईल. हे म्हणणं खोटं नाही. समान संधी हेही नीतीचंच मूल्य आहे. मंजूर पदांवर दहा वर्षं भरलेल्यांसाठी त्या निकालाने एकदाची वाट ठेवली होती. कर्नाटकने 2012 मध्ये रोजंदारी कर्मचारी कल्याण कायदाही केला.

पण उमादेवीचा निकाल देशभरच्या कार्यालयांनी ढाल म्हणून वापरला. काम कायमचं, माणूस तात्पुरता, आणि विचारलं की निकालाकडे बोट. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयातल्या सफाई कामगार व माळीकाम करणाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. दहा-वीस वर्षं झाडू मारणाऱ्या, बाग राखणाऱ्या या माणसांना त्यांनी कायम करण्यासाठी दाद मागितल्यावर 2018 मध्ये नोटीस न देता काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घेऊन कायम करायला सांगितलं आणि उमादेवीचा निकाल दीर्घकाळ राबणाऱ्यांचं शोषण करायला वापरू नका, असंही बजावलं. चौतीस वर्षांत प्रश्न धारवाडहून दिल्लीला गेला आणि फिरून तिथेच आला. सरकारच जर सर्वांत मोठा तात्पुरता मालक असेल, तर रिसॉर्टवाल्याला आदर्श कोणी घालून द्यायचा?

दांडेलीच्या कागद गिरणीची गोष्ट वेगळ्या अंगाने बोलते. वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी 1955 ची. आसपासच्या जंगलातला बांबू तिला टनाला दीड रुपयासारख्या नाममात्र दराने मिळे. त्याच वेळी टोपल्या-सुपं विणणारे बुरूड त्याच बांबूला बाजारभाव मोजत. 1975 च्या सुमारास बुरुडांची ओरड कर्नाटक सरकारपर्यंत गेली आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या सांगण्यावरून पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नडच्या जंगलात बांबूचा अभ्यास सुरू केला. तिथे एक लहानशी गोष्ट निघाली. बांबूच्या बेटाच्या तळाशी काट्यांचं जाळं असतं. शास्त्रशुद्ध पद्धत म्हणून ते साफ करावं, मग बेट मोकळं होईल आणि जोमाने वाढेल, असा समज होता. गावकरी सांगत होते, काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि रानप्राणी खातात. मोजमाप झालं तेव्हा गावकऱ्यांचं खरं ठरलं.

कर्मचाऱ्याच्या विकासाबद्दल बोलताना आपण गृहीत धरतो, की शहाणपण वरून खाली येतं. कंपनी शिकवते, माणूस शिकतो. जोयड्यात ज्ञान बरेचदा खालून वर जातं आणि वाटेत कुठेतरी हरवतं, कारण ज्याला ते आहे त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'अकुशल' लिहिलेलं असतं. कोणत्या महिन्यात कुठल्या ओढ्याला पाणी आहे, मुडलीचा कंद कधी काढायचा, हत्तीची वाट कोणती, हे जाणणारा कुणबी माणूस अकुशल, आणि दोन वर्षांचा डिप्लोमा घेऊन आलेला कुशल. जोयड्यातला कंदमुळांचा मेळा पाहिला तर एका घराला किती जाती-प्रकार ठाऊक असतात हे दिसतं. हे ज्ञान पर्यटकाला गोष्ट म्हणून विकलं जातं, पण सांगणाऱ्याच्या वेतनात त्याची किंमत धरली जात नाही. माझ्या मते ही चोरीच आहे, मग तिला कोणी चोरी म्हणो वा न म्हणो.

शिकवण्याची दुसरी बाजू शेजारच्या हळियाळला आहे. कॅनरा बँक आणि देशपांडे ट्रस्ट यांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था तिथे चालते. ही कल्पना 1982 मध्ये उजिरेहून निघाली: धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँका यांनी तिथे बेकार तरुणांसाठी छोटी प्रशिक्षणं सुरू केली आणि पुढे देशभर प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था असावी असं धोरण झालं. नोकरी देणाऱ्याने शिकवलं नाही तर बँकेने शिकवावं, ही सोय चांगली. पण त्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही.

नदीच्या उतारावर कैगा. नोव्हेंबर 2009 मध्ये तिथल्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचं उघड झालं, आणि पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं होतं. हे आतल्याच कुणाचं दुष्कृत्य असावं, असं अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी म्हटलं. मला या घटनेत महत्त्वाचं वाटतं ते असं, की ती उघडकीस आली नेहमीच्या मूत्रतपासणीतून. तक्रारीची वाट न बघता ठरलेल्या दिवशी केलेल्या तपासणीनेच ते पकडलं. किरणोत्सारी भागात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर मोजणीचा बिल्ला असतो, कायम असो की कंत्राटी. इथे शरीर कोणाच्या यादीतलं, हे विचारलं जात नाही. बाकी उद्योगांनी कैग्याकडून एवढं जरी घेतलं तरी पुरे.

मराठी उद्योगाच्या इतिहासात या प्रश्नाचं एक मोठं उदाहरण बेळगावकडचंच आहे. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले, आणि जागा सोडावी लागली तेव्हा 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. स्वतःवरचा अन्याय त्यांच्या लक्षात राहिला असावा. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी त्या काळात केला, आणि शिक्षा भोगून आलेल्यांना राखणदारीवर ठेवलं. विश्वास टाकल्याशिवाय माणूस वाढत नाही, यावर त्यांनी पैसे लावले होते. त्याआधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना कारखान्यातला आठवडा 48 तासांवर आणण्याचं काम झालं. ही सगळी मंडळी कामगाराकडे नाव-गाव असलेला माणूस म्हणून बघत होती.

आणि आता पर्यटन. गणेशगुडीला काळीवर राफ्टिंग चालतं ते धरणातून पाणी सुटण्याच्या वेळेवर. शनिवार-रविवारी गोवा, बेळगाव, हुबळी, पुणे, बेंगळुरूहून गाड्या येतात. राफ्टचा गाइड वीस-पंचविशीतला मुलगा. तो प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघतो, पाय कुठे अडकवायचे, उलटलं तर पाठीवर तरंगून पाय पुढे कसे ठेवायचे हे सांगतो. पाहुणे सेल्फी काढत असतात. मग गर्दी वाढते, वेळ कमी असतो आणि आणखी दोघांना बसव, असा दबाव येतो. या क्षणी गाइडला नाही म्हणता येतं का, हा या धंद्यातला खरा नैतिक प्रश्न. नाही म्हटलं तर उद्याचा दिवस मिळेल की नाही, याची त्याला खात्री नसेल तर पाहुण्यांच्या सुरक्षेचे सारे फलक निरर्थक आहेत. फलकांबद्दलच बोलायचं तर, बोलणं कोकणीत आणि मराठीत, कार्यालय कन्नडमध्ये, आणि सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत, असं इथे सर्रास दिसतं. जीव वाचवणारी ओळ वाचणाऱ्याला कळणाऱ्या भाषेत हवी, याला अर्थसंकल्प लागत नाही.

पर्यटनातली दुसरी दुखरी जागा पावसाळा. सफारी बंद, राफ्टिंग बंद, खोल्या ओस. चार महिने पगार नाही, तरी ऑक्टोबरला परत बोलावलं की यायचं. या चार महिन्यांत प्रथमोपचार, पोहून वाचवण्याचं तंत्र, स्वयंपाक, हिशेब शिकवता येतो. अर्धा पगार देऊन शिकवणं परवडणार नाही असं मालक मंडळींना वाटतं, पण दर हंगामात नवखी माणसं घेऊन काम शिकवण्याचा खर्च त्यांनी कधी मांडलेलाच नसतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामाचे तास, सुट्टी, कामबंदीची परवानगी यांवर संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. पण एक तरतूद जोयड्यासारख्या तालुक्याला उपयोगी आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. ते होमस्टेतल्या आचाऱ्यापासून राफ्टच्या गाइडपर्यंत पोचायला हवं. रामनगर किंवा जोयड्याच्या ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन साधा नमुना कन्नड, मराठी आणि कोकणीत छापून ठेवावा आणि परवाना नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येक रिसॉर्टकडे त्याच्या सह्या केलेल्या प्रती मागाव्यात. नमुन्यात नाव, हुद्दा, पगार, साप्ताहिक सुट्टी, पावसाळ्यातले दिवस, विमा आणि या वर्षी काय शिकवणार त्याचा रकाना असावा. गाइडच्या पत्रात आणखी एक ओळ हवी: नदी किंवा भार पाहून राफ्ट न सोडण्याचा निर्णय त्याचा, आणि त्या दिवसाचा रोज पूर्ण मिळेल.