डीएफटी मीटर: मायक्रॉनचा राखणदार

सुकलेल्या रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राला भोसरी-चाकणच्या पेंट शॉपमध्ये ‘डीएफटी (ड्राय फिल्म थिकनेस) मीटर’ म्हणतात. यंत्र मुठीत मावतं, त्याला वायर, वायरीच्या टोकाला बोटाएवढा प्रोब. तो रंगवलेल्या वस्तूवर सरळ उभा टेकवला की पडद्यावर आकडा येतो: 72. म्हणजे 72 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मला या यंत्राचं अप्रूप वाटतं, कारण ते रंग मोजतच नाही. खालचा धातू प्रोबपासून किती दूर आहे, एवढंच ते सांगतं.

लोखंडासाठी प्रोबमध्ये गाभ्यावर तारेच्या गुंडाळ्या असतात. एकीतून कमी वारंवारितेचा एसी प्रवाह जातो. लोखंड जवळ आलं की चुंबकीय क्षेत्र बळावतं आणि दुसऱ्या गुंडाळीतला व्होल्टेज वाढतो. मधला थर जाड असेल तर कमी वाढतो. फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. तिथे उच्च वारंवारितेचा प्रवाह लागतो. त्यानं धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि गुंडाळीच्या क्षेत्राला विरोध करतात. त्या विरोधावरून अंतर कळतं.

रंगासारखाच जस्ताचा थरही असाच मोजता येतो. विजेच्या मनोऱ्यांच्या जाड लोखंडावर दर चौरस मीटरला साधारण 610 ग्रॅम जस्त चढवतात, म्हणजे सुमारे 85 मायक्रॉन. नमुन्यावरचं जस्त ॲसिडनं उतरवून आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक काढणं, ही त्याची जुनी चाचणी. त्यात नमुना वाया जातो. मीटर मात्र ओरखडाही न काढता दहा ठिकाणी मोजतो.

तरीही आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कोऱ्या सपाट पत्र्यावर झिरो केलेला, म्हणजे आकडा शून्यावर आणलेला मीटर बारीक पाइपवर थर जाड दाखवतो. अगदी कडेवरही तेच होतं, कारण प्रोबखाली लोखंड कमी पडतं. आणि ओला रंग नेमका धारदार कडेवरूनच मागे सरकतो, थर तिथेच पातळ राहतो. कोकणच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच डोकं काढतो. जिथे थर सर्वांत कमी, तिथेच मीटर जास्त सांगतो! म्हणून कडा आधी घासून गोल करायच्या आणि तिथे ब्रशचा जादा हात द्यायचा. मीटर हे काम करू शकत नाही. रंगाखाली गंज राहिला असेल, तर मीटर बिचारा तोही थरातच धरतो.

गेट किंवा ग्रिल पावडर कोटिंगला दिलंत, तर ताब्यात घेण्याआधी मीटर मागा. तुमच्यासमोर त्याच धातूच्या कोऱ्या तुकड्यावर झिरो करायला लावा, जाडी ठाऊक असलेली फॉइल ठेवून आकडा जुळतो का पाहा, आणि मगच मोजणी सुरू करू द्या.